मेजर रॉजर्सच्या रांगेत पुढं कोण होतं?

अमेरिकेच्या लष्करात रेंजर नावाची फौज आहे. मिजासखोर. आपणच निवडक, आपणच वाघ. ह्या रेंजरांच्या हातात जे पुस्तक देतात त्यात एका माणसाच्या नावानं हुकूम छापलेले असतात. मेजर रॉबर्ट रॉजर्स. जन्म १७३१, मरण १७९५. जंगलात कसं चालावं, कसं लपावं, कसं मारावं हे ह्या बाबानं जगाला शिकवलं म्हणे. न्यूयॉर्क राज्यात फोर्ट एडवर्डजवळ हडसन नदीत एक बेट आहे, त्याला ह्याचं नाव. २००५ साली तिथं ह्याचा पुतळा उभा केला. १९४० साली हॉलीवूडनं ह्याच्यावर रंगीत सिनेमा काढला, स्पेन्सर ट्रेसीला हिरो घेऊन. गाव जाळणारा माणूस त्यात आपल्या शिपायांना बापाच्या मायेनं सांभाळतो. मी तो मोबाइलवर बघितला, रात्रपाळीला जायच्या आधी. त्या रात्री गोणी उचलताना हात कामावर होते आणि डोकं दुसरीकडंच पेटलं होतं.

मग वाचायला घेतलं. मी मॅट्रिक. डिक्शनरी मांडीवर ठेवून वाचतो, वेळ लागतो, पण सोडत नाय.

दोस्तहो, रॉजर्स वीर की राक्षस, ह्यावर तिकडं पिढ्यान्‌पिढ्या भांडण चाललंय. वीर म्हणणारे त्याच्या बर्फातल्या लढाया सांगतात. राक्षस म्हणणारे जाळलेलं गाव सांगतात, दारू सांगतात, कर्ज सांगतात, फितुरी सांगतात. मला दोघांचा कंटाळा आलाय. कारण दोघंही नाव घेतात ते रॉजर्सचंच. माझा सवाल सरळ आहे. ती जंगलातली लढाई मुळात कुणाची? रॉजर्स माणसं एकामागं एक चालवायचा. त्या रांगेत सगळ्यात पुढं, वाट वाचत, कोण चालत होतं? आणि लढाई संपल्यावर त्याच्या पदरात काय पडलं?

आमच्या टोळीतला एकजण म्हणाला, तुला काय करायचाय रे तो मेलेला गोरा? इथलं काय कमी आहे का? मी म्हटलं, पँथर हे नाव आपण कुठून आणलं? १९६६ साली ओकलंडच्या काळ्या पोरांनी ते घेतलं, १९७२ साली मुंबईच्या आपल्या पोरांनी ते उचललं. नाव त्यांच्याकडून घ्यायचं आणि त्या मुलुखाचा जुना हिशेब बघायचा नाय, हे कसं चालेल? काळ्यांना बेड्या घालून तिथं नेलं. पण ज्यांचा तो मुलूखच होता त्यांचं काय झालं, ते ह्या रॉजर्सच्या गोष्टीत सगळं आहे. फक्त उलटं धरून वाचावं लागतं.

आधी एक सांगून टाकतो. रॉजर्स कुणी लॉर्ड नव्हता. उत्तर आयर्लंडातून आलेल्या गरीब शेतकऱ्याचा पोरगा. मॅसॅच्युसेट्समधल्या मेथ्यूएनला जन्मला, मग बाप न्यू हॅम्पशायरच्या रानात गेला, झाडं तोडली, शेत केलं. १७४८ साली इंडियनांच्या धाडीत ते शेत जळलं. पुढं १७५३ साली बापाला त्याच्याच दोस्तानं अस्वल समजून गोळी घातली. पोरगा शाळेत फारसा गेला नाही, रानात वाढला. १७५५ च्या सुरुवातीला खोट्या नोटांच्या भानगडीत सापडला. तेव्हा फ्रेंचांशी लढाई पेटत होती आणि फौजेला माणसं पाहिजे होती. ह्यानं माणसं भरती करून आणली, खटला विरला. फासावर जाणारा माणूस कॅप्टन झाला. सत्तेला गरज पडली की ती असं करते. आम्ही गोदीत हे रोज बघतो: कालचा चोर आज मुकादम.

आता त्या जळलेल्या शेताचा दुसरा हिशेब. तो मेरिमॅक नदीकडचा मुलूख अबेनाकी लोकांचा आणि त्यांच्या भाऊबंदांचा. इंग्रज वसाहतवाल्यांनी त्यांना ढकलत ढकलत उत्तरेला नेलं. त्यातले कितीतरी कॅनडात, फ्रेंचांच्या आसऱ्याला, सेंट फ्रान्सिस नदीच्या काठावर जाऊन राहिले. त्या गावाचं नाव ओदानाक. म्हणजे ओदानाक हे आपल्या जमिनीवरून हाकललेल्यांचं गाव. तिथून त्यांचे लढवय्ये खाली यायचे, इंग्रजांच्या वस्त्यांवर धाडी घालायचे, माणसं मारायचे, धरून न्यायचे. त्यात बाया-पोरंही मेली, हे मी झाकणार नाय. पण शेत कुणी जाळलं एवढंच सांगायचं आणि शेत कुणाच्या जमिनीवर होतं ते गिळायचं, हा इतिहास लिहिण्याचा बामणी कावा झाला. तो काय फक्त पुण्यातच चालतो असं नाही.

आता लढण्याकडं येतो.

९ जुलै १७५५. आज जिथं पिट्सबर्ग आहे तिथून जवळ, मोनोंगाहेला नदीच्या काठी. जनरल ब्रॅडॉकची इंग्रज पलटण जंगलातून रस्ता काढत निघाली. लाल डगले, ढोल, सरळ ओळी. युरोपच्या मैदानात शोभणारी ही वरात झाडांत शिरली आणि झाडांनी तिला खाल्लं. फ्रेंच मूठभर, त्यांच्या बाजूचे इंडियन शेकड्यांनी. झाडामागून गोळी यायची, मारणारा दिसायचा नाही. साहेबाची ओळ जागच्या जागी उभी राहून झाडांवर बार काढत राहिली, आपल्याच माणसांना मारत राहिली. साडेचारशेच्या वर मेले, जवळजवळ तितकेच जखमी झाले. ब्रॅडॉक मेला. जॉर्ज वॉशिंग्टन तेव्हा पोरगेला होता, त्या राड्यातून जिवंत सुटला.

ह्या मारानंतर साहेबाला कळलं की ह्या रानात कवायत चालत नाही. रानातलं लढणारी माणसं पाहिजेत. तिथं रॉजर्सचा भाव वधारला. १७५६ साली रेंजर कंपनी उभी राहिली, १७५७ साली त्यानं आपले अठ्ठावीस नियम लिहून काढले, १७६५ साली लंडनला पुस्तकात छापले. (आजच्या रेंजरांच्या पुस्तकात ह्याच्या नावानं जे गावरान भाषेतले हुकूम असतात ते तर ह्याचे नाहीतच. ते १९३७ साली केनेथ रॉबर्ट्स नावाच्या माणसानं कादंबरीत एका पात्राच्या तोंडी घातलेले. महासत्तेची फौज कादंबरीतली वाक्यं हुकूम म्हणून पाठ करते. कवी म्हणून मला ह्याचा आनंदच व्हायला पाहिजे.)

त्या खऱ्या अठ्ठावीस नियमांत काय आहे? एकामागं एक चाला, दोघांत अंतर ठेवा, म्हणजे एका गोळीत दोन मरणार नाहीत. दलदलीत मात्र ओळ मोडा, आडवे पसरून चाला, म्हणजे माग राहणार नाही. अंधार पडेपर्यंत मुक्काम करू नका. कैदी सापडले तर वेगवेगळे ठेवा आणि वेगवेगळं विचारा. गेलात त्या वाटेनं परत येऊ नका. नदी नेहमीच्या उतारावर ओलांडू नका, शत्रू तिथंच बसलेला असतो. कुणी माग काढत येत असेल तर वळसा घाला आणि आपल्याच मागावर त्याची वाट बघत बसा. पहाटे सगळे जागे राहा, कारण फ्रेंच आणि इंडियन पहाटेच तुटून पडतात.

हे शेवटचं नीट वाचा. पहाटे ते तुटून पडतात, म्हणून जागे राहा. म्हणजे हा नियम कुणाकडं बघून लिहिला? हे सगळे नियम ज्यांच्याशी लढायचं त्यांच्याकडूनच शिकलेले. ते शिकारीचं शहाणपण आहे, शंभर पिढ्यांचं. हरणाचा माग काढणाऱ्यानं माणसाचा माग काढला. पायात मऊ कातड्याचं पायताण, म्हणजे काटकी मोडली तरी आवाज नाही. ते कुणाचं? इंडियनांचं. बर्फावर पाय रुतू नये म्हणून लाकडाच्या चौकटीत कातड्याच्या वाद्या विणून केलेले बर्फजोडे. ते कुणाचे? त्यांचेच. भाजून दळलेला मका, मूठभर पाण्याबरोबर खाल्ला की दिवस निघतो. तोही त्यांचाच. भूर्जाच्या सालीची होडी, खांद्यावर घेऊन पळता येते अशी, ती तर विचारूच नका. १७५७ च्या जानेवारीत आणि १७५८ च्या मार्चमध्ये बर्फजोड्यांवर ज्या दोन लढाया झाल्या त्यांचं तिकडं फार कौतुक. दुसऱ्या लढाईत रॉजर्सची सव्वाशेच्या आसपास माणसं कापली गेली, पावणेदोनशेपैकी. तरी नाव झालं त्याचंच. एका उभ्या कड्यावरून तो बर्फात घसरत खाली निसटला अशी दंतकथा आहे, कड्यालाही त्याचंच नाव. आपल्याकडच्या किल्ल्यांवर घोड्यानं टापांचे ठसे सोडलेले असतात ना, तसं.

गोदीत बघा. जहाजाच्या पोटात माल कसा रचावा, गोणींची थप्पी कशी लावली की लाटेत सरकणार नाही, साखळी कुठं धरली तर बोटं जाणार नाहीत, हे ठाऊक असतं कुणाला? तीस वर्षं पाठीचा कणा झिजवलेल्या म्हाताऱ्याला. कागदावर कुणाच्या नावानं लागतं? सुपरवायझरच्या. म्हाताऱ्याला एक दिवस सांगतात, उद्यापासून येऊ नको. रॉजर्सचे नियम ह्या जातीचे आहेत. तो चोर नव्हता असं म्हणायचं असेल तर एवढं म्हणा की तो लिहिता-वाचता होता आणि ज्यांच्याकडून शिकला त्यांच्याकडं छापखाना नव्हता.

आणि ही रीत त्याच्या आधीपासूनची. ऐंशी वर्षं आधी, १६७५-७६ साली, मेटाकॉम नावाच्या वांपानोआग प्रमुखानं इंग्रजांविरुद्ध उठाव केला. इंग्रज त्याला किंग फिलिप म्हणत. त्याला दलदलीत गाठलं बेंजामिन चर्च ह्या माणसानं, आणि चर्चनं काय केलं होतं? शरण आलेले इंडियनच आपल्या तुकडीत घेतले होते, त्यांच्याकडून दलदलीत चालायला शिकला होता. १२ ऑगस्ट १६७६ ला मेटाकॉमला लागलेली गोळी एका इंडियनाच्याच बंदुकीतून सुटली. मेटाकॉमचं मुंडकं प्लिमथला भाल्यावर वीस-पंचवीस वर्षं टांगून ठेवलं, त्याच्या लहान पोराला गुलाम म्हणून विकलं. आणि रानातल्या लढाईचा पहिला गुरू म्हणून पुस्तकात कोण? चर्च.

आता रांगेत पुढं चालणाऱ्याकडं या.

रॉजर्सच्या रेंजरांत स्टॉकब्रिजच्या मोहिकन लोकांची कंपनी होती. स्वतःचे कॅप्टन, स्वतःची माणसं. स्टॉकब्रिज हे मॅसॅच्युसेट्समधलं मिशनऱ्यांनी वसवलेलं गाव. मोहिकनांची जमीन आधीच बहुतेक गेलेली, उरलेल्या तुकड्यावर देवळाच्या सावलीत ते राहिले होते. त्यांनी हिशेब केला: इंग्रजांच्या बाजूनं रक्त सांडलं तर निदान हा तुकडा तरी हातात राहील. म्हणून ते गेले. मी त्यांना फितूर म्हणणार नाही. ज्याच्या गळ्याला फास आहे त्यानं कुठली दोरी धरावी हे काठावर बसून सांगू नये.

त्या काळात माणसाची किंमत सरकारी कागदावर छापलेली होती. ३ नोव्हेंबर १७५५ चा मॅसॅच्युसेट्स सरकारचा जाहीरनामा आहे, पेनॉबस्कॉट लोकांविरुद्ध. बारा वर्षांवरचा पुरुष जिवंत आणला तर ५० पौंड, त्याच्या डोक्याची केसांसकट सोललेली कातडी आणली तर ४० पौंड. बाई किंवा बारा वर्षांखालचं पोर जिवंत आणलं तर २५, कातडी आणली तर २०. लेकराच्या टाळूचे वीस पौंड! आणि जंगली कोण? इंडियन.

ओदानाकवर हल्ला झाला तो १७५९ साली. हुकूम जनरल जेफ्री अ‍ॅमहर्स्टचा. ह्या अ‍ॅमहर्स्टनं हुकमात लिहिलं की सूड घ्या, मात्र बायका-पोरांना हात लावू नका. कागदावर सूडही आला आणि दयाही आली. दोनशेच्या आसपास माणसं घेऊन रॉजर्स १३ सप्टेंबरला क्राउन पॉइंटहून होड्यांतून निघाला. मिसिस्क्वॉय खाडीत होड्या लपवल्या, त्या फ्रेंचांना सापडल्या. परतीची वाट बंद. मग दलदलीतून नऊ दिवस, कमरेइतक्या पाण्यात, झोपायला झाडांच्या फांद्या तोडून माच्या बांधायच्या. आजारानं, जखमांनी माणसं गळत गेली, शेवटी १४२ उरली. ४ ऑक्टोबरच्या पहाटे त्यांनी गाव घेरलं.

पहाटे. नियमातल्यासारखंच.

घरं जाळली, देऊळ जाळलं, माळ्यावर लपलेले जळाले. रॉजर्सनं कळवलं, निदान दोनशे मारले. फ्रेंचांची नोंद सांगते, तीसएक मेले, त्यातले वीस बाया आणि पोरं. दोनशे आणि तीस! एक विजयाचा आकडा, एक मढी मोजून केलेला. मधले एकशे सत्तर रॉजर्सनं कागदावरच मारले. पण ते वीस बाया-पोरांचे खरे होते, आणि कागदावरच्या दयेनं त्यातलं एकही वाचलं नाही. गावात खांबांवर सहाशे-सातशे इंग्रजांच्या टाळूची कातडी टांगलेली बघितली असंही रॉजर्स लिहितो. असतील काही. मात्र ज्याचे दोनशे तीस निघतात त्याचे सहाशे किती धरायचे ते ज्यानं त्यानं ठरवावं.

बाकीचं गाव वाचलं कसं? हे रॉजर्सच्या पुस्तकात नाही. हे अबेनाकी बायांच्या तोंडी राहिलं. आजीनं नातीला सांगितलं, नातीनं भाचीला, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गॉर्डन डे नावाच्या भाषा-अभ्यासकानं ओदानाकच्या एका म्हाताऱ्या बाईकडून ऐकून ते छापलं. गोष्ट अशी. आदल्या रात्री गावात नाच चालला होता. एक पोरगी बाहेर अंधारात रेंगाळली. तिथं एक अनोळखी माणूस आला. बोली जवळची, पण जरा निराळी. तो म्हणाला, भिऊ नको, मी दुश्मन नाही. त्या रानात माणसं लपलीत, ती सगळ्यांना मारणार आहेत, जाऊन सांग. पोरीनं आत जाऊन सांगितलं. काहींना पटलं, काहींना वाटलं पोरगी घाबरलीय. ज्यांना पटलं ते पोराबाळांना घेऊन घळीत जाऊन लपले.

कोण होता तो? अभ्यासक म्हणतात, रॉजर्सच्याच रांगेतला स्टॉकब्रिजचा मोहिकन असावा. दिवसा रॉजर्सची वाट काढली आणि रात्री, जीव धोक्यात घालून, समोरच्या पोरीला सावध केलं. मला ह्या सगळ्या इतिहासात एवढा एकच माणूस भेटला ज्याच्यापुढं बसावं वाटलं. त्यानं काय विचार केला असेल चालताना? पगार इंग्रजाचा, बंदूक इंग्रजाची, आणि समोरून ऐकू येणारी भाषा आपल्या आईच्या भाषेच्या शेजारची. नाचाचा ढोलही ओळखीचा असेल. पाऊल थबकलं असेल. मग अंधारात उठून गेला. अठ्ठावीस नियमांत हे कुठंच बसत नाही.

त्या रात्रीच्या गावाबद्दल आणखी एक. ओदानाकचा प्रमुख जोसेफ-लुई गिल हा रक्तानं गोरा. त्याचे आईबाप इंग्रज, लहानपणी धाडीत पकडून आणलेले, गावानं आपले म्हणून वाढवलेले. आणि १७५४ साली सुझाना जॉन्सन ह्या इंग्रज बाईला धरून आणलं, तर ती ह्याच गिलच्या घरात राहिली होती, बहीण मानून. रॉजर्सनं गिलची बायको मारी-जान आणि पोरं पकडून नेली. बाई परत आलीच नाही. पोरगा सबाटिस न्यू हॅम्पशायरच्या किल्ल्यावर पोचला, तर तिथं सुटून परत आलेली सुझाना उभी. पोरगं तिला बघून, बहीण बहीण म्हणत धावलं. हे सुझानानं स्वतः लिहून ठेवलंय. वर्णानं माणूस पक्का होतो म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

परतीच्या वाटेत रेंजर उपाशी मेले. लुटलेला मका संपला. ठरलेल्या जागी धान्य घेऊन आलेला अधिकारी वाट न बघता निघून गेलेला, त्याची शेकोटी अजून गरम होती. पन्नासाच्या आसपास माणसं गेली. काहींनी मेलेल्यांचं मांस खाल्लं, तशा नोंदी आहेत. लुटीत देवळातली चांदीची मूर्ती होती. भुकेला चांदी खाता येत नाही.

आता गंमत बघा. हाच रॉजर्स लंडनला गेला आणि १७६६ साली तिथं एक नाटक छापून आलं, पाँटियाक ह्या इंडियन प्रमुखावर. नाटकावर नाव नव्हतं, पण त्याचंच मानतात. १७६३ साली ह्याच पाँटियाकनं उठाव केला होता आणि रॉजर्स त्याच्याविरुद्ध डेट्रॉइटला लढला होता. नाटकात गोरे व्यापारी वजनात मारतात, दारू पाजून कातडी लुबाडतात, गोरे शिकारी मजेखातर इंडियनांचे मुडदे पाडतात, आणि राजासारखा बोलतो तो पाँटियाक. म्हणजे ह्याला सगळं ठाऊक होतं! ज्यानं गाव जाळलं त्याला लूट कशी चालते ते तपशीलवार ठाऊक होतं. आपल्याकडं दलितांच्या दुःखावर ढसाढसा लिहिणारे पांढरपेशे आहेत, त्यांच्याबद्दल मला नेहमी प्रश्न पडतो, ह्यांना ठाऊक आहे म्हणून लिहितात की लिहिलं की ठाऊक असल्याची भरपाई होते? रॉजर्सचं नाटक तेव्हा गाजलं नाही. लंडनला इंडियन बघायला आवडायचा, ऐकायला नाही.

त्या उठावातच फोर्ट पिटच्या किल्ल्यातून, बोलणी करायला आलेल्या इंडियनांना देवीच्या दवाखान्यातली दोन कांबळी आणि एक रुमाल भेट दिला. जून १७६३. आणि अ‍ॅमहर्स्ट, तोच दयाळू हुकूमवाला, जुलैत पत्रांतून लिहित होता की असं काही करता येईल का बघा. मॉन्ट्रियलमध्ये त्याच्या नावाचा रस्ता होता. २०१९ साली नाव बदलून अतातेकेन केलं, मोहॉक भाषेतला शब्द, बहीणभाऊ अशा अर्थाचा. मूल नसलेल्या ह्या अ‍ॅमहर्स्टची गादी पुतण्याला मिळाली. तो पुतण्या १८२३ ते १८२८ हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल. आणि त्याच्या अमदानीत, १८२५ साली, आपल्या खानदेशात औटरम साहेबानं भिल्ल कोअर उभारली. डोंगरातल्या भिल्लांना वर्दी दिली, पगार दिला, आणि डोंगरातल्या भिल्लांवर सोडलं. समुद्र बदलला, रीत तीच.

रॉजर्सचं पुढं काय झालं ते पटकन सांगतो, त्यात जीव नाही. मिशिलिमॅकिनॅकला सुभेदारी मिळाली, १७६७ साली फितुरीच्या आरोपावरून बेड्या पडल्या, पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. लढाईतला खर्च सरकारनं पुरता दिलाच नाही, लंडनला कर्जापायी तुरुंगात गेला. अमेरिकेत क्रांती सुरू झाली तेव्हा वॉशिंग्टननं त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, १७७६ साली पकडला, हा निसटला आणि इंग्रजांकडं जाऊन क्वीन्स रेंजर्स ही नवी तुकडी उभी केली. बायकोनं काडीमोड घेतला. दारू. १७९५ साली लंडनला भिकेला लागून मेला. सत्तेनं त्यालाही वापरून फेकलंच. मुकादमाची गत शेवटी मुकादमाचीच. पण मुकादमाला पुतळा मिळतो.

आणि ती क्वीन्स रेंजर्स लक्षात ठेवा.

डॅनियल निमहॅम. वापिंजर लोकांचा प्रमुख, स्टॉकब्रिजला आसऱ्याला राहिलेला. फ्रेंचांविरुद्धच्या त्या लढाईत त्याची माणसं इंग्रजांच्या बाजूनं लढायला गेली. इकडं हडसनकाठची त्यांची जमीन फिलिप्स घराण्याच्या जमीनदारांनी दाबली. निमहॅम कोर्टात गेला, हरला. १७६६ साली समुद्र ओलांडून लंडनला गेला, राजाच्या दारात. सहानुभूती मिळाली, जमीन नाही. मग क्रांती आली, तेव्हा तो आणि स्टॉकब्रिजची माणसं अमेरिकनांच्या बाजूनं गेली, पुन्हा त्याच आशेनं. ३१ ऑगस्ट १७७८ ला आजच्या ब्राँक्समध्ये, किंग्सब्रिजजवळ, इंग्रजांच्या घोडदळानं आणि पायदळानं त्यांना घेरून कापलं. निमहॅम मेला, त्याचा पोरगा अब्राहम मेला. तिथल्या स्मारकाच्या दगडावर निमहॅमसोबत सतराजणांचा आकडा आहे. कापणाऱ्यांत पुढं कोण होतं? क्वीन्स रेंजर्स. रॉजर्सनं उभी केलेली तुकडी, रॉजर्सची विद्या. म्हणजे ज्यांनी वाट दाखवली त्यांच्यावरच वाट फिरली.

अमेरिका जिंकली. स्टॉकब्रिजच्या विधवांना काय मिळालं? दहा वर्षांत गावची उरलेली जमीन कर्जात, खरेदीखतात, गोऱ्या शेजाऱ्यांच्या नावावर गेली. लोक न्यूयॉर्क राज्यात ओनायडांच्या जमिनीवर गेले, तिथूनही हलवले, शेवटी विस्कॉन्सिनला. आजही ते तिथं आहेत.

इथं काहीजण मला अडवतील. म्हणतील, मग भीमा कोरेगावचं काय? तिथं आपले पूर्वज इंग्रजांच्याच वर्दीत होते. होते. १ जानेवारी १८१८. त्या खांबावर आपली नावं आहेत, १९२७ साली बाबासाहेब तिथं जाऊन उभे राहिले, माझीही मान तिथं ताठ होते, झुकत नाही. फरक हा की समोर पेशवाई होती, गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधणारी. मोहिकनांच्या समोर त्यांचा पेशवा नव्हता, त्यांच्यासारखंच उठवलेलं गाव होतं. म्हणून त्या रात्री एकाचे पाय थबकले. पण वर्दी देणारा दोन्हीकडं एकच होता, हे विसरून मला अभिमान करता येत नाही. १८९० च्या दशकात त्याच साहेबानं महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिले, जुन्या पलटणींतल्या पराक्रमाचे दाखले दिले. निमहॅम लंडनला जे दाखले घेऊन गेला होता, तसलेच. जवळजवळ त्याच शब्दांत असतील असं मला वाटतं.

रॉजर्सला शिव्या घालून माझं काम भागत नाही. उद्या त्याचा पुतळा काढला तरी रेंजरांच्या पुस्तकातली विद्या तशीच राहील, आणि ती आणखी कुठल्यातरी डोंगरात, कुठल्यातरी पहाटे, कुणाच्यातरी वस्तीवर वापरली जाईल. डोंगरातल्याच पोरांना वर्दी घालून रांगेत पुढं चालवतील. आपल्या देशात हे होत नाही असं ज्याला म्हणायचंय त्यानं नकाशा काढून बस्तर कुठं आहे ते बघावं.

ओदानाक आजही आहे, क्वेबेकमध्ये, त्याच नदीच्या काठी. तिथं अबेनाकींचं स्वतःचं म्युझियम आहे. त्याच गावात वाढलेल्या आलानिस ओबोमसाविन बाईंनी आयुष्यभर आपल्या आणि शेजारच्या लोकांवर सिनेमे काढले. २००६ साली आपल्या अबेनाकींवरही काढला. स्पेन्सर ट्रेसी त्यात नाही. नाचाच्या रात्री अंधारात आलेल्या माणसाची गोष्ट तिथल्या बाया अजून सांगतात. त्याचं नाव त्यांना विचारायला पाहिजे.